वैशाखातले घीयर

फाल्गुन लागला की खेमीबाई मडक्याला कान लावून बसत. मडके त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात गोणपाटाच्या चुंबळीवर ठेवलेले असे आणि त्याचे तोंड धुवट फडक्याने बांधलेले असे. शेजारी मांडी घालून त्या पांढऱ्या ओढणीचा पदर कानामागे सारत आणि डोके वाकवून कान मडक्याच्या पोटाला टेकवत. आत कोणी लहान मूल निजले आहे आणि त्याचा श्वास कसा चालला आहे ते त्या बघत आहेत, असे वाटे. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा दारातच थबकलो. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाल्या, "चुप. बोलता है अभी."

बोलत होते ते मैद्याचे पीठ. थोडे दही घालून भिजवलेले हे पीठ मडक्यात आंबत ठेवतात. ते फुगू लागले, खेमीबाईंच्या भाषेत खमीर उठू लागले, की त्यातून बारीक बारीक बुडबुडे निघतात आणि त्यांचा आवाज, लक्ष दिले तर, खरोखरच ऐकू येतो. या पिठाचे होळीला घीयर करतात. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी जिलबी डोळ्यांपुढे आणावी, पण जेवणाच्या ताटाएवढी. तळाला छिद्र असलेल्या लोटीतून केशरी पीठ तापलेल्या तुपात गोल गोल सोडायचे, त्याची जाळी होऊ द्यायची, उलटायची आणि मग साखरेच्या पाकात बुडवून काढायची. गोडाच्या मागून किंचित आंबट चव येते. ती आली नाही तर ते घीयर नव्हे आणि जास्त आली तर ते कोणाच्या घरी पाठवण्याजोगे नव्हे.

हे मी आज मोठ्या आत्मविश्वासाने लिहीत असलो तरी कॉलेजात येईपर्यंत मी सिंधी माणूसच पाहिला नव्हता. आमचे गाव केळझरच्या बाजूचे. घरातून शाळेच्या पुढे शिकायला बाहेर पडलेला मीच पहिला. वर्ध्यात खोली शोधताना लोक आधी नाव विचारत, मग गाव, मग आडनाव, आणि आडनावानंतर खोली आधीच दुसऱ्याला दिलेली निघे. असे फिरत फिरत मी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या बैठ्या घरांच्या ओळीपाशी आलो. शेवटच्या घराच्या पडवीत एक उंच, हाडापेराने मजबूत म्हातारी मुगाची डाळ निवडत होती; त्याच खेमीबाई. मागची खोली रिकामी आहे का, असे मी विचारले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कंदील कितनी देर जलाएगा?"

मी म्हटले, अभ्यास असेपर्यंत जळेल.

"जला. पर गाना नहीं गाना. परसराम गाता है, उतना बहुत है."

परसराम म्हणजे त्यांचा मुलगा. त्याचे बाजारात कापडाचे लहानसे दुकान होते. इतर ठिकाणचा अनुभव ताजा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी होऊनच त्यांना माझी जात सांगितली. त्या वेळी अजून बौद्ध धर्माची दीक्षा झालेली नव्हती. त्या पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मैंने पूछा?" एवढेच. मग थोड्या वेळाने, "काऊन रे, सुबह से कुछ खाया के नाई?" इतक्या वर्षांत त्यांच्या हिंदीत आमच्याकडचे 'काऊन' आणि 'नाई' असे घुसून बसले होते. आपण मात्र शुद्ध हिंदी बोलतो असे त्या समजत. ओळीतले सगळे त्यांना अम्मां म्हणत, तसा मीही म्हणू लागलो.

मडक्याला कान लावण्याची सवय त्यांना सिंधमध्ये नव्हती. तिकडे शिकारपूरला फाल्गुनातल्या रात्री थंड असतात. पीठ किती रात्री ठेवायचे ते घराघरात ठरलेले असे आणि कोणी झाकण उघडूनही पाहत नसे. वर्ध्याला आल्यावर पहिल्या होळीला अम्मांनी त्याच हिशेबाने पीठ ठेवले. सगळ्या ओळीचे घीयर करण्याचे काम त्यांच्याकडे होते. वर्ध्याच्या फाल्गुनाने ते पीठ पहिल्या रात्रीतच उठवले आणि उरलेल्या वेळात नासवले. कढईत सोडताच ते पसरून विस्कटले. त्या वर्षी ओळीतल्या एकाही लेकीच्या घरी घीयर गेले नाही.

हे नुसते पक्वान्न बिघडणे नव्हते. सिंध्यांमध्ये होळीला लग्न झालेल्या मुलीच्या सासरी माहेरचे घीयर जावे लागते. ते आले की मुलगी टोपली घेऊन घरोघर वाटते आणि कोणाकडून आले हे सांगते. आले नाही तर कोणी भांडत नाही, पण वर्षभर तिला ते ऐकावे लागते. अम्मां म्हणत, "नागपूर, अमरावती, सब जगह की लडकियां दरवाजे पर बैठी रहीं. मेरे हाथ की वजह से." त्या दिवसापासून त्यांनी रात्री मोजणे सोडले आणि कान लावायला सुरुवात केली. "यहां का मौसम पूछ के नहीं आता. सुनना पडता है," असे त्या म्हणत.

त्यांना स्वतःला घीयर पाठवायला लेक नव्हती. हे मला बऱ्याच उशिरा कळले, तेही त्यांनी सहज सांगितले म्हणून. कान मडक्यालाच होता. "मेरी गोपी की सगाई हो गई थी. शादी उसी जाडे में थी. फिर सब निकल आए. कैंप में बुखार आया उसको." त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अभी नहीं हुआ. शाम को देखेंगे." ते पिठाबद्दल होते. मी तिथे बसून राहिलो.

मी वर्ध्याला आलो त्याच वर्षी दसऱ्याला आमच्या गावचे लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर बाबांनी घरातले देव काढले. बाबा शेतमजूर आहेत आणि हंगामात जिनात कापसाची ओझी उचलतात. फार बोलत नाहीत. एकदा शब्द दिला की त्यांना दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही. माघात माझी धाकटी बहीण शांता हिचे लग्न नव्या पद्धतीने, पंचशील घेऊन झाले. तिला सिंदी रेल्वे या गावी दिली. लग्नाला अम्मां आल्या होत्या. त्यांनी शांताच्या डोक्यावरून हात फिरवला.

फाल्गुनात बाबा मला ज्वारी द्यायला आले तेव्हा पडवीत बसले होते. अम्मां आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भैया, शांता का पहला फागुन है. उसके घर मेरी तरफ से घीयर जाएगा. मैंने सोच लिया है."

बाबांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत. "बाई, आमी होळी सोडली."

"तुमने छोडी, ठीक है. मैं होली नहीं भेज रही. होली का नहीं है, बेटी का है."

"पन जाईन त होळीलेच ना?"

"और कब जाएगा?"

"मंग कसं जमन?" बाबा अगदी हळू बोलत होते. "तुमी मनानं देता हे मले समजते. मले तुमचा राग नाई. पन पोरगी दुसऱ्याच्या घरी हाये. तिथं होळीचं गोड गेलं त लोक म्हनतीन, बापानं दीक्षा घेतली अन् पोरीले होळी धाडून राह्यला. तिच्या सासऱ्यानंबी सोडली हाये. आमाले हे लय मुश्किलीनं भेटलं, बाई."

अम्मांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मला बाबांचे पटत होते आणि अम्मांचेही पटत होते, आणि दोन्ही पटत असताना माणसाने काय करावे हे मला तेव्हा कोणी शिकवलेले नव्हते. बाबा पाणी प्यायले, पेला विसळून त्यांनी उपडा ठेवला आणि हात जोडून निघून गेले.

त्या होळीला अम्मांनी नेहमीप्रमाणे सगळ्या ओळीचे घीयर केले. शांतासाठी मनाशी धरलेली टोपलीही भरली. ती भरून झाल्यावर बाजूला ठेवली. परसराम मला म्हणाला, "सुखदेव, तू ले जा चुपचाप. बाप को कौन बताएगा?" खरे सांगायचे तर माझ्याही मनात ते आले होते. अम्मांनी झारा कढईच्या काठावर जोरात आपटला. "अडे, चोरी का माल है क्या? बेटी के घर सीना तान के भेजते हैं. सब को दिखा के. छुपा के भेजना है तो मैं काऊन भेजूं?" मग ओळीतल्या पोरांना हाक मारून त्यांनी ती टोपली वाटून टाकली. संध्याकाळी परसराम गात होता, पण त्याला त्यांनी गप्प केले नाही.

पुढे कितीतरी दिवसांनी, मी परीक्षेच्या तयारीत असताना, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम लोगों का कोई अपना दिन है के नाई? जिस दिन तेरा बाप मना न करे?"

मी म्हटले, वैशाखी पौर्णिमा आहे. बुद्धजयंती.

त्यांनी कपाळाला हात लावला. "वैसाख! वैसाख में तो यहां आदमी का खमीर उठ जाता है."

पण हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालेले मला दिसले.

वर्ध्याचा वैशाख ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगू? दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा नसते. पौर्णिमा जवळ आली तसे अम्मांनी मडके काढले. सून देवी म्हणाली, "अम्मां, होली कब की गई. अब किसकी बारात आ रही है?"

"तेरी सौत की," अम्मां म्हणाल्या आणि दही मागितले.

पहिले पीठ त्यांनी संध्याकाळी ठेवले. सकाळी फडके सुटून ते चुंबळीवर आलेले होते आणि साऱ्या खोलीत आंबूस वास सुटला होता. दुसरे त्यांनी घट्ट भिजवले. तेही दुपारच्या झळांनी गेले. ओळीतल्या बायका पडवीत येऊन बघून जात. घीयर होळीचे, ते वैशाखात करणे बरे नव्हे, असेही एक-दोघी बोलल्या. अम्मांनी त्यांना म्हटले, "तुम्हारी बेटियों का मैंने किया ना? अब मेरे को करने दो." त्यावर त्या बायका उठून गेल्या, पण त्यांतलीच एक थोड्या वेळाने आपल्या रांजणाखालची ओली वाळू घमेल्यात भरून घेऊन आली. ती वाळू अम्मांनी पसरली, मडके तिच्यात गळ्यापर्यंत पुरले, वर ओले गोणपाट टाकले आणि शेजारी चटई पसरून आडव्या झाल्या. कान मडक्यापाशी. पंख्याने वारा घालायचा तो स्वतःला नव्हे, मडक्याला.

दरम्यान मी गावी जाऊन बाबांना सांगून आलो होतो की अम्मां पौर्णिमेला सिंदीला येते म्हणतात आणि घीयर आणते म्हणतात. काही लपवले नाही. बाबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' याचा अर्थ हो नसतो आणि नाहीही नसतो. मी ते अम्मांना तसेच सांगितले. त्या म्हणाल्या, "देखने दे. देखने के लिए ही ला रही हूं."

पौर्णिमेला उजाडता उजाडता कढई चढली. पीठ जेमतेम टिकले होते. जाळी पडत होती, पण मधे मधे तुटत होती. अम्मां प्रत्येक घीयर झाऱ्यावर उचलून उजेडाला धरत आणि नाक मुरडत. चांगली निवडून टोपलीत घातली, वर ओले फडके घातले, आणि आम्ही दोघे सकाळच्या पॅसेंजरने सिंदीला निघालो. टोपली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. डब्यात बसायला जागा होती तरी मांडीवर धरून बसल्या. उन्हाने पाक पातळ होऊन त्यांच्या ओढणीवर केशरी डाग पडत गेले.

शांताच्या सासरी अंगणात मांडव घातला होता. वंदना नुकतीच आटोपली होती आणि खीर वाटणे चालले होते. बाबा केळझरकडून बंडीने आदल्या दिवशीच आलेले होते. अम्मांनी सगळ्यांसमोर टोपली मांडवाच्या मधोमध ठेवली आणि फडके काढले. शांताची सासू वाकून पाहू लागली. "अगं माय! हे जिलबी होय का बंडीचं चाक?"

सगळे हसले. शांता मात्र हसली नाही, ती बाबांकडे पाहत होती. मीही तिकडेच पाहत होतो. बाबा उठले, टोपलीपाशी बसले, एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले.

"बाई, हे आंबट काऊन लागते?"

अम्मांचा चेहरा उतरला. इतक्या लोकांत त्यांनी सारवासारव केली नाही. "खट्टा हो गया है. मालूम है मेरे को. ये फागुन की चीज है भैया. वैसाख में इससे अच्छा नहीं होता."

बाबांनी उरलेला तुकडा संपवला. धोतराला हात पुसले. मग म्हणाले, "त मंग फाल्गुनात धाडत जा."

"तुमने ही तो मना किया था!"

"मी होळीले नाई म्हनलं. फाल्गुन महिना काही आमी सोडला नाई. होळीच्या चांगलं आठ-दहा दिस पहिले धाडा. मंग कोन काय म्हनते ते मी पाहतो."

अम्मां कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अडे, ये बात उस दिन बोलता तो? मेरा कितना मैदा गया!"

"तवा सुचलं नाई," बाबा म्हणाले. आणि ते हसले. माझ्या बाबांना असे मान मागे टाकून हसताना मी क्वचितच पाहिले आहे. शांताने टोपली उचलून कमरेवर घेतली आणि वस्तीत वाटायला निघाली. पहिल्याच दारात तिला विचारले गेले, कोणाकडचे? तिने काय उत्तर दिले ते आम्हाला मांडवातून ऐकू आले नाही. अम्मांनी मात्र तिकडे कान लावला होता.

त्यानंतरच्या फाल्गुनात ओळीत थोडी कुरबूर झाली. शांताचे घीयर होळीच्या पुष्कळ आधी जायचे, म्हणून पहिली कढई तिच्यासाठी चढली आणि बाकीच्यांच्या मुलींचे मागून झाले. कोणी म्हटले, परक्याच्या मुलीचे आधी का? अम्मां म्हणाल्या, "परायी किसकी? नाम बता उसका."

पुढच्या दिवाळीनंतर परसरामने दुकान मोडले. कल्याणजवळ त्याच्या मामेभावाचा मोठा धंदा आहे, तिकडे सगळे गेले. स्टेशनवर अम्मां माझ्याशी घीयराविषयीच बोलत होत्या. "उधर समुंदर पास है, हवा में पानी है, ऐसा बोलते हैं. खमीर कैसे उठेगा, क्या पता. फिर नए सिरे से सुनना पडेगा." या वयात पुन्हा नवे गाव, नवी हवा, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितले. गाडी हलली तेव्हा त्या देवीला ओरडून काहीतरी सांगत होत्या, मडके नीट धर म्हणून.

परवा मी सिंदीला गेलो होतो. फाल्गुन लागला आहे. शांताला आता मुलगी झाली आहे. मी बसतो न बसतो तोच ती म्हणाली, "दादा, अम्मानं यंदा काऊन नाई धाडलं? सासू दोनदा विचारून गेली."

मी समजावू लागलो की कल्याण लांब आहे, गाडीत ते टिकत नाही, येईपर्यंत नासते.

"ते मले नको सांगू. तिले लिही. पोरीले विसरली काय म्हनावं. दुसऱ्या पोरी केल्या असतीन तिकडं."

मी म्हटले, असे कसे लिहू? त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना वाईट वाटेल.

"वाटू दे. लिही."

शांताला लिहिता येत नाही. मी तिथेच कार्ड काढले आणि ती सांगेल ते हिंदीत लिहीत गेलो. कोठेही मऊ केले नाही. जागा संपत आली तेव्हा विचारले, खाली काय लिहू?

ती बाळाला थोपटत होती. म्हणाली, "पोरगी लिही. आनखी काय लिहितात?"